बिनचूक बाईंच्या एकेचाळीस चुका

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, अख्खं आरोग्य केंद्र ‘बिनचूक बाई’ म्हणायचं. पाठीमागे म्हणायचं आणि तोंडावरही म्हणायचं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट एकदा एका नव्या शिपायाने नुसतंच “अहो बाई” म्हटलं, तर त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “इथे सात बाया बसतात. कोणती पाहिजे ते नीट सांग.”

त्या तीन नंबरच्या खिडकीत बसत. गरोदर बायकांची नोंदणी तिथे होई. खिडकीचा खालचा लाकडी काठ बायकांच्या कोपरांनी इतका गुळगुळीत झाला होता, की त्यावर कागद ठेवला तर घसरायचा. म्हणून वन्सं कागदावर डाव्या हाताचा तळवा पसरून ठेवत, आणि समोरची बाई बोलत असे तोवर तो उचलत नसत. माझी शाळा रस्त्याच्या पलीकडे होती. मी चौथीचा वर्ग घेत असे. मधल्या सुट्टीत दोघींचा डबा घेऊन मी केंद्रात जायची आणि खिडकीसमोरच्या हिरव्या बाकावर त्यांची वाट बघत बसायची. खिडकी काही वेळेवर बंद होत नसे. माझे कितीतरी डबे त्या बाकावर अनोळखी बायकांबरोबर वाटून संपले. फिनेलने पुसलेल्या फरशीचा आणि शिक्क्याच्या शाईचा तो मिसळलेला वास कुठे आला, की मला अजून भूक लागते.

वन्संनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारण्याची छाती आमच्या घरात कुणाची नव्हती. त्या आमच्याजवळच राहत. माझे यजमान त्यांचे धाकटे भाऊ. पन्नाशीला आले तरी बहिणीसमोर मुकाट्याने पायपुसण्यावर पाय पुसत. मला त्या नावाने क्वचित हाक मारत. “मास्तरीणबाई” म्हणत, आणि त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचं काम समजायला सोपं होतं. गरोदर बाईला सरकारी कार्ड मिळायचं. कार्ड हातात असलं, की तपासण्या, औषधं, बाळंतपण, सगळं सरकार करणार. योजना चांगलीच होती. पण कार्ड मिळायला नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा आणि त्यावर मोठ्या कार्यालयाची मंजुरी लागे. त्यात आठ-दहा आठवडे सहज जात. तोवर बाईच्या हातात नुसती पोच. पोच दाखवून कुणी साधं रक्तही तपासत नसे.

त्यातही एक उलटा न्याय होता. सातव्या महिन्याची बाई आली, की तिच्या अर्जावर ‘तातडीचे’ असा शिक्का पडे आणि मंजुरी आठवड्यात येई. जी शहाणी बाई दुसऱ्या महिन्यातच आली, तिचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी. तिला कसली घाई? पोट तर दिसतही नाही.

“लवकर येते तिला आम्ही थांबवतो,” वन्सं जेवताना म्हणत, “आणि मग वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई तिलाच ओरडतात, एवढा उशीर का केलास म्हणून.”

“मग तू वर लिहून का नाही कळवत?” माझे यजमान विचारत.

“सहा वेळा कळवलंय. सहाही पत्रांची पोच आहे माझ्याकडे.”

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीला टेकवलेलं टेबल आणि वर पत्रा. नवरा मालमोटार चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. दुकान त्याची बायको बघायची, आमची इस्त्रीवाली. अंगाने किरकोळ, पण तोंडाने भारी. वन्संचे कपडे हातात घेऊन म्हणायची, “बिनचूक बाई, तुमच्या कपड्यांना सुरकुतीसुद्धा घाबरून पडत नाही. मी उगाच इस्त्री फिरवते.”

एवढी हसरी बाई, पण तिची दोन बाळंतपणं वाया गेलेली. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं दिवस भरत आले असताना जन्मलं, पण रडलं नाही. दोन्ही वेळा कार्ड हातात पडेपर्यंत निम्मे दिवस उलटून गेले होते. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, “तुझ्या रक्तात साखर फार आहे. पुढच्या खेपेला पहिल्या दोन महिन्यांत ये. तेव्हापासून औषध चालू झालं तर मूल हाती लागेल.”

तिसऱ्या खेपेला ती आठव्या आठवड्यातच आली. मी त्या दिवशी बाकावर होते. तिने खिडकीच्या काठावर दोन्ही कोपर टेकले आणि म्हणाली, “आले बाई मी. लवकर ये म्हणाला होतात ना सगळे? घ्या, आले.”

“दाखला?”

“ह्यांचा मालक परगावी. ह्यांची गाडी तिसऱ्याच गावी. दाखला कुणाच्या तोंडून आणू?”

“मग दाखल्याशिवाय अर्ज घेते. पण कार्डाला वेळ लागेल.”

“किती?”

वन्संनी पेन उचललं. त्या फॉर्म भरू लागल्या.

त्याच सकाळी नवे छापील कागद आले होते, आणि त्यातला पहिला तिच्याच वाट्याला आला. जुन्या पुस्तकात वरचा अर्धा भाग म्हणजे पोच आणि खालचा अर्धा कार्यालयाचा. एकोणतीस वर्षं वन्संचा हात वरचा अर्धा फाडून बाईला देत आला होता. नव्या कागदात कुणीतरी हुशारी करून वर कार्ड छापलं होतं आणि खाली पोच; मधोमध टोचे मारलेली रेघ. कार्ड फाइलमध्ये ठेवायचं, मंजुरी आली की द्यायचं. वन्संनी फॉर्म भरला, दोन्हीकडे शिक्के मारले, पट्टी धरली, आणि सवयीने वरचा अर्धा फाडून इस्त्रीवालीच्या हातात ठेवला.

तिने तो उलटसुलट करून बघितला. “एवढंच?”

“एवढंच. सांभाळून ठेव. रांग संपली आता.”

संध्याकाळी वन्सं घरी आल्या त्या चप्पल न काढता स्वयंपाकघरात. चेहरा पांढरा. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

“मास्तरीणबाई, मी चुकले.”

“काय चुकलं?”

“मी. चुकले.” जणू हे दोन शब्द एकत्र कसे येतात, हेच त्या तपासून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी कार्ड परत आणायला गेलो. इस्त्रीवाली कामात होती. मागच्या फळीवर, देवाच्या तसबिरीला टेकवावं तसं तिने ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभं केलं होतं. आम्ही काही बोलायच्या आतच ती सुरू झाली. खिडकीवरून ती थेट वरच्या मजल्यावर गेली होती. कार्ड बघून लगेच रक्त घेतलं. साखर भलतीच होती. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे इंजेक्शनं लिहून दिली, कशी टोचायची ते शिकवलं, आणि म्हणाल्या, आलीस ते बरं केलंस.

“पहिल्यांदाच कुणी मला बरं केलंस म्हणालं बघा,” ती म्हणाली. “पण तुम्ही का आलात? सही राहिली का काही?”

वन्सं त्या फळीकडे बघत उभ्या होत्या. “नाही. माझे कपडे झाले का, ते बघायला आले.”

“अहो, काल संध्याकाळी तर दिलेत! मी माणूस आहे, कारखाना नाही.”

“बरं, बरं. सावकाश होऊ दे.”

वाटेत वन्सं एवढंच म्हणाल्या, “इंजेक्शनच्या बाटल्या गारव्यात ठेवाव्या लागतात. त्या पत्र्याखाली कुठल्या राहतात.” त्या दिवसापासून त्या बाटल्या आमच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे. इस्त्रीवाली सकाळ-संध्याकाळ यायची, आमच्याच स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून सुई टोचायची, आणि जाताना माझ्या यजमानांच्या शर्टाकडे बघून जीभ चावायची. “साहेब, हा शर्ट तुम्ही घालता का तुम्हाला घालून झोपतो?”

दोन आठवड्यांनी सूतगिरणीतली एक मुलगी खिडकीशी आली. नववा आठवडा. वन्संनी फॉर्म भरला, शिक्के मारले, पट्टी धरली. मी डबा मांडीवर घेऊन बघत होते. त्यांनी एक क्षण त्या टोच्यांच्या रेघेवर बोट फिरवलं. मग वरचा अर्धा फाडून तिला दिला. या वेळी हात सवयीने चालला नव्हता, हे मला बाकावरूनही दिसलं. त्या रात्री मी आमटीत मीठ विसरले होते, तेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही, यावरून काय ते समजले.

असे तीन महिने गेले. तपासणी आली.

तपासनीस म्हणजे एक उंच, वाकलेले, पोटाचं दुखणं असलेले गृहस्थ. थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन येत आणि दर तासाला एक पेला पीत. दोन दिवस त्यांनी फाइली मोजल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपली खुर्ची तीन नंबरच्या खिडकीच्या आत ओढून घेतली. मी नेहमीसारखी बाकावर होते. मला हलावं की नाही ते कळेना, म्हणून बसूनच राहिले.

“बाई, या एकेचाळीस फाइलींत पोच आहे. कार्ड नाही.”

“हो.”

“म्हणजे कार्ड बाहेर गेलं. मंजुरी नसताना.”

“हो.”

“एकेचाळीसही बाया तीन महिन्यांच्या आतल्या. चौथ्या महिन्याची एकही नाही. हे कसं?”

तपासनिसांनी पाण्याचा पेला भरला. मग खिडकीबाहेर, माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघत, पाठ केल्यासारखं म्हणाले, “कर्मचाऱ्याने जाणूनबुजून कार्ड दिलं असेल, तर ते आजच रद्द होतं. कार्यालयाच्या चुकीने गेलं असेल, तर चौकशी पुरी होईपर्यंत बाईकडून काढून घेता येत नाही. नियम नववा. चौकशी मीच करणार. माझ्या चौकश्यांना वेळ लागतो, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे वरती. तब्येत बरी नसते.”

“मी चुका करत नाही,” वन्सं म्हणाल्या. “एकोणतीस वर्षांत एकही नाही. सर्व्हिस बुक बघा.”

“बघितलं. म्हणून तर उद्या सकाळपर्यंत वेळ देतोय. काय ते लेखी द्या.”

इस्त्रीवालीला तेव्हा पाचवा महिना लागला होता. नवऱ्याचा दाखला अजून आलेला नव्हता. कार्ड गेलं असतं तर इंजेक्शनं त्याच दिवशी थांबली असती, तीही नेमक्या त्याच महिन्यात. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघंही तेच सोडून बाकी सगळं बोललो.

“ताई, एक कागद लिहून द्यायचा,” माझे यजमान म्हणाले. “त्यात एवढं काय?”

“तुला काय रे! तू रोज चुकतोस. तुला सवय आहे.”

“पण हे तर तुझ्याच भल्याचं...”

“माझं भलं कुठे आलं त्यात? ‘मुद्दाम केलं’ म्हटलं तर मी नियम मोडणारी. ‘चुकून झालं’ म्हटलं तर एकेचाळीस वेळा चुकणारी गबाळी. पहिलं चालेल मला. पहिलं खरं तरी आहे.”

“पहिलं कार्ड तर चुकूनच गेलं होतं ना?” मी म्हणाले.

“हो. पहिली चूक खरी. बाकीच्या चाळीस मी अगदी काळजीपूर्वक केल्या.”

माझे यजमान हसले आणि बहिणीचा चेहरा बघून थांबले.

तेवढ्यात इस्त्रीवाली आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. फ्रिज उघडून बाटली काढली, भिंतीकडे तोंड केलं, सुई टोचली. मग वळून म्हणाली, “बाई, आज आतून पहिल्यांदा हललं. खोटं नाही सांगत. इस्त्री हातात होती, एक बाही जाळली मी.” आणि शपथ घेतल्यासारखा गळ्यापाशी हात नेऊन, “तुमचीच बाही आहे. आता रागवा.”

“कोणत्या कपड्याची?”

“ऑफिसच्या.”

“जळू दे,” वन्सं म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांनी माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद ओढला. “मास्तरीणबाई, तुम्ही शेरे लिहिता ना मुलांना? हयगय करणाऱ्याला काय लिहिता?”

“‘लक्ष नसते’ असं लिहिते.”

“फार सौम्य आहे. अजून?”

“‘निष्काळजीपणा. वारंवार सांगूनही सुधारणा नाही.’”

“हं. हे ठीक आहे.” आणि त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात स्वतःच्या निष्काळजीपणाबद्दल पानभर लिहिलं. नवा कागद समजून न घेतल्याबद्दल. फाडण्यापूर्वी न बघितल्याबद्दल. संध्याकाळी ताळा न घेतल्याबद्दल. हे शेवटचं वाक्य लिहिताना त्यांचा हात थांबला. त्यांनी ताळा न घेतलेली एकही संध्याकाळ नव्हती. मी म्हटलं, “ते राहू द्या हवं तर.” त्या म्हणाल्या, “ते राहिलं तर बाकीचं कुणाला पटेल?” आणि लिहिलं. त्यांच्या हातून एवढ्या चुका आणि त्या कागदावर एकही खाडाखोड नाही, हे तपासनिसांच्या नजरेतून सुटलं नसणार. सकाळी त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली, आणि म्हणाले, “अक्षर छान आहे.”

चौकशी आठ महिने चालली. दर महिन्याला तपासनिसांचा एक लखोटा यायचा. ‘कागद फाडताना पट्टी डाव्या हातात होती की उजव्या?’ ‘खिडकीत उजेड कोणत्या बाजूने येतो?’ वन्सं प्रत्येक प्रश्नाला सविस्तर उत्तर देत आणि वर स्वतःच एखादी शंका काढून विचारत, म्हणजे पुढचा महिना त्यात जाई. माझे यजमान म्हणायचे, “या दोघांचं लग्न लावून दिलं असतं तर मुहूर्ताच्या पत्रव्यवहारातच दोघं निवृत्त झाली असती.” एरवी त्यांना यावर ऐकावं लागलं असतं. त्या वर्षी वन्संनी ते सोडून दिलं.

केंद्रात मात्र थट्टा व्हायची. दोन नंबरच्या खिडकीतला कारकून, ज्याचे हिशोब वन्संनी वर्षानुवर्षं दुरुस्त करून दिले होते, तो आता आपला कागद पुढे करून म्हणायचा, “बिनचूक बाई, जरा बघता का? की मीच बघू?” त्या बघून देत. दुरुस्तही करून देत. पण त्या दिवसांत बाकावर जेवताना त्यांची नजर खाली असे, आणि त्या माझ्याहून हळू जेवत, जे आधी कधी झालं नव्हतं.

इस्त्रीवालीला पूर्ण दिवसांची मुलगी झाली. दुपारी अडीच वाजता. डॉक्टरीणबाई स्वतः जिना उतरून तीन नंबरच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, “रडतेय. चांगली खणखणीत रडतेय.” वन्सं म्हणाल्या, “रांग आहे माझी, पाच वाजता येते.” आणि समोरच्या बाईचा फॉर्म भरू लागल्या. मी शाळा सुटल्यावर गेले, तेव्हा त्या फॉर्मवर त्यांनी नवऱ्याच्या रकान्यात बाईचं नाव आणि बाईच्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहून ठेवलं होतं. तो त्यांनी रद्द करून नवा लिहिला. ती त्यांची दुसरी खरी चूक. तिचा पत्ता फक्त मला होता.

चौकशीचा निकाल आला तेव्हा एकेचाळीसही बाया बाळंत होऊन गेल्या होत्या. रद्द करण्यासारखं कार्ड एकही उरलं नव्हतं. वन्संच्या सर्व्हिस बुकात लाल शाईने शेरा पडला: निष्काळजीपणाबद्दल सक्त ताकीद. तो शेरा त्यांनी मला दाखवला नाही. मी स्वतः कधीतरी कपाट आवरताना पाहिला.

त्या अहवालाला तपासनिसांनी एक पुरवणी जोडली होती. या निष्काळजीपणामुळे सरकारचं काय नुकसान झालं, ते ठरवण्यासाठी म्हणे त्यांनी एकेचाळीस बायांची यादी केली. कोणती बाई कितव्या आठवड्यात डॉक्टरांपुढे गेली, काय सापडलं, कधी औषध सुरू झालं, मूल कसं आहे. शेजारच्या रकान्यात त्याच वर्षी रीतसर दहा आठवडे थांबलेल्या एकेचाळीस बाया. खाली एकच ओळ: ‘नुकसान आढळून येत नाही.’ ती पुरवणी कुठे कुठे फिरली, कुणी वाचली, हे आम्हाला कधी कळलं नाही. पण दीड वर्षाने परिपत्रक आलं. गरोदर बाईने पहिल्याच दिवशी तोंडी माहिती द्यावी. त्यावर विश्वास ठेवून तात्पुरतं कार्ड त्याच दिवशी द्यावं. कागदपत्रं पुढच्या साठ दिवसांत आणावीत.

मोठ्या साहेबांनी वन्संना बोलावलं. “बाई, तुमचा तो लाल शेरा आता काढून टाकता येईल. फक्त एक अर्ज करा, की ते चुकून नव्हतं, विचारपूर्वक केलं होतं.”

“नको,” वन्सं म्हणाल्या. “मी लेखी दिलंय की चुकले. आता एकदा असं आणि एकदा तसं लिहून द्यायला मी काय दोन नंबरची खिडकी आहे?”

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने होते. नवा नियम लागू झाला, त्या दिवशी मी मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाकावर जाऊन बसले. रांगेत पहिली आली ती एक अगदी कोवळी मुलगी, सातवा आठवडा. बरोबर कुणी नाही. हातात मोठी पिशवी; तिच्यात डबा, पाण्याची बाटली, विणायची लोकर. तिच्या जावेने तिला सांगितलं होतं, की या खिडकीशी फार थांबावं लागतं, तयारीने जा.

वन्संनी चार प्रश्न विचारले. फॉर्म भरला, शिक्का मारला, कार्ड तिच्या हातात दिलं. दहा मिनिटंही झाली नसतील.

“वर पहिल्या मजल्यावर डॉक्टरीणबाई आहेत. आत्ताच जा.”

मुलगी कार्ड घेऊन वळली आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. पिशवीतून लोकर काढली. सुया काढल्या. विणायला लागली.

मी वन्संकडे बघितलं. वन्सं तिच्याकडे बघत होत्या.

“अगं, झालं तुझं,” त्या खिडकीतून म्हणाल्या.

“हो,” ती मान न उचलता म्हणाली. “थांबते मी. कार्ड यायला वेळ लागतो ना?”

“तुझ्या हातात काय आहे ते?”

तिने सुया मांडीवर ठेवल्या, कार्ड उचललं, पहिल्या ओळीपासून हळूहळू वाचलं. मग मला विचारलं, “हे खरंच तेच आहे का हो?” मी म्हटलं, “तेच आहे.” तिने ते परत वाचलं. एवढी तयारी करून आलेल्या माणसाचा जसा थोडा हिरमोड होतो, तसा तिचा झालेला दिसला. मग ती उठली, जिन्याकडे गेली, दोन पायऱ्या चढून पुन्हा खाली आली आणि बाकावर विसरलेला लोकरीचा गुंडा उचलून घेऊन गेली.

रांगेतली पुढची बाई काठावर कोपर टेकून उभी होती. वन्सं अजून जिन्याकडेच बघत होत्या. त्या बाईने दोनदा खाकरून बघितलं, आणि मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण रांग अशी खोळंबवून ठेवताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.